पोपट बोलण्याआधी

चैत्र लागला की माझ्याकडे दोन प्रश्न ठरलेले येतात. एक, 'मॅडम, निकाल कधी?' आणि दुसरा, 'मॅडम, पोपट किती दिवसांत बोलतो?' दुसरा प्रश्न विचारणारे बहुधा वडील असतात. मुलाच्या हट्टापायी त्यांनी कुठून तरी हिरवे, लालसर चोचीचे, अंगावर पुरती पिसेही न फुटलेले पिल्लू आणलेले असते. ते कोपऱ्यात अंग चोरून बसते, हात घातला की किंचाळते आणि 'मिठू' काही म्हणत नाही. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, म्हणजे बोलायला शिकवणे हा माझा धंदाच, असा त्यांचा साधा हिशेब असतो. शिवाय आमच्याही घरी दोन वर्षांपासून एक पक्षी आहे, हे गावाला ठाऊक आहे.

त्यांना मी जे सांगते ते आज इथे नीट मांडते. पोपटाला बोलायला शिकवणे ही त्याच्या शिक्षणातली शेवटची आणि सर्वांत बिनमहत्त्वाची गोष्ट आहे. पहिली गोष्ट म्हणजे त्याची भीती घालवणे. आणि त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे तो पक्षी आपल्या घरी कुठून आला, हे विचारणे. आपण हा क्रम उलटा धरतो, म्हणून पक्षी मरतात आणि मुले चुकीचे काही शिकतात.

मराठीत दोन सुंदर क्रियापदे आहेत, पढवणे आणि माणसाळवणे. पढवलेला पोपट म्हणजे दुसऱ्याचे शब्द न समजता म्हणणारा. माणसाळलेला म्हणजे माणसाच्या सोबतीत ज्याला धास्ती वाटत नाही असा. उर्दूत हाच फरक तालीम आणि तरबियत या दोन शब्दांत आहे. तालीम शब्द देते, तरबियत स्वभाव घडवते. पोपटाच्या बाबतीत आपल्याला तालीमची घाई असते आणि तरबियतीला कुणाकडे वेळ नसतो.

आता पक्षी कुठून येतो ते पाहू. आपल्या भागात ज्याला राघू म्हणतात तो गळ्याभोवती कंठ असलेला हिरवा पोपट जुन्या वड, पिंपळ, निंबाच्या ढोलीत घर करतो. हिवाळा सरता सरता मादी तीन-चार अंडी घालते. तीन आठवड्यांच्या आसपास पिल्ले बाहेर येतात आणि पुढचे सुमारे सात आठवडे ती ढोलीतच आईबापांच्या चोचीतून जगतात. म्हणजे पोहरादेवीला रामनवमीची यात्रा भरते, देशभरातून बंजारा भाविक लाखोंनी येतात, त्याच दिवसांत आसपासच्या ढोलींत राघूची पिल्ले असतात. ढोलीत हात घालून ती काढायला याहून सोपे दिवस नाहीत आणि पिल्लांसाठी याहून वाईट दिवस नाहीत. त्यांना उडता येत नाही, दाणा फोडता येत नाही, अंगातली ऊब टिकवता येत नाही. वर आपल्याकडचा उन्हाळा. अशा पिल्लाला पिशवीत घालून मोटारसायकलवर आणायचे आणि दुसऱ्या दिवशी 'बोल' म्हणायचे, याला हौस म्हणता येत नाही.

कायदाही हेच सांगतो. राघू हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली संरक्षित पक्षी आहे. तो पकडणे, विकणे, विकत घेणे, पिंजऱ्यात ठेवणे यांपैकी काहीही चालत नाही. पक्ष्याचे घरटे मोडणे, अंडी काढणे हेही कायद्याच्या भाषेत शिकारच आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. 'आमच्या आज्याच्या घरी पण होता जी' हे उत्तर मी पुष्कळदा ऐकते. असेल. आज्याच्या काळात बऱ्याच गोष्टी होत्या. जुने निंब जाताहेत, ढोली कमी होताहेत, आणि उरलेल्या ढोलींत आपला हात आहे.

कायद्याचे भय ज्यांना वाटत नाही त्यांच्यासाठी आपल्याच परंपरेतले दोन प्रसंग सांगते. एका प्रवासात सोबत्यांनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती व्याकूळ होऊन पंख फडफडवत राहिली. प्रेषितांनी ते पाहिले आणि हिला हिच्या लेकरांवरून कुणी दुखावले असे विचारून पिल्ले परत ठेवायला लावली. अबू दाऊदच्या संग्रहात हा प्रसंग आहे. दुसरा बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. हजरत अनस यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याचा लहानसा पाळीव पक्षी मेला, तेव्हा प्रेषितांनी त्या उदास पोराला पक्ष्याचे नाव त्याच्या नावाशी जुळवून लाडाने विचारपूस केली. या एवढ्याशा प्रसंगावर इब्न अल-कास या विद्वानाने अख्खी पुस्तिका लिहिली आणि त्यातून साठ बोध काढले. पक्षी पाळायला हरकत नाही, मात्र त्याचे खाणेपिणे आणि सुख यांची जबाबदारी पाळणाऱ्यावर, हा अर्थ आलिमांनी इथूनच घेतला. दोन्ही प्रसंग एकत्र वाचले की वाट स्वच्छ दिसते. आईपासून तोडलेले पिल्लू नको. पाळलेल्या पक्ष्याची हेळसांड नको. आणि लहान मुलाच्या पक्षिप्रेमाची थट्टाही नको.

मग पक्षी पाळायचाच असेल तर कोणता? जे आपल्या रानातून काढलेले नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले आहेत, ते. आपल्याकडे दुकानदार ज्याला 'लव्हबर्ड' म्हणून विकतो तो खरे तर बजरीगर. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने 1840 मध्ये तो इंग्लंडला नेला आणि तेव्हापासून जगभर त्याची पैदास घरांत होते. ज्याला 'कॉकटेल' म्हणतात तो तुरेवाला कॉकॅटिलही तिथलाच. या दोघांसाठी नोंदणीची अट नाही. मात्र मकाव, आफ्रिकन ग्रे, सन कॉन्युअर असे महागडे पोपट घेणाऱ्यांना 2024 च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. हौसेला पैसा असला तरी पहिल्याच पक्ष्याला त्या वाटेने जाऊ नये. ते पक्षी मोठे, आवाजी आणि फार हुशार असतात. नवख्या घराला ते झेपत नाहीत.

घेताना पिल्लू स्वतः दाणे फोडून खाते ना, एवढे डोळ्यांनी पाहावे. बजरीगर साधारण सहा ते आठ आठवड्यांत, कॉकॅटिल आठ ते दहा आठवड्यांत स्वतः खाऊ लागतो. 'चमच्याने भरवा, लवकर माणसाळेल' असा सल्ला देऊन कुणी कोवळे पिल्लू गळ्यात मारत असेल, तर उठून यावे. नवख्या हाताने भरवताना घास श्वासनलिकेत जातो आणि पिल्लू दगावते.

आता खरे शिक्षण. पहिला आठवडा पक्ष्याला काहीच शिकवायचे नाही. पिंजरा डोळ्यांच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला लागून ठेवावा. चारही बाजू उघड्या असल्या की पक्ष्याला कुठूनही हल्ला येईल असे वाटत राहते. स्वयंपाकघरात पिंजरा कधीच नको. नॉन-स्टिक तवा जास्त तापला की त्यातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो. आमच्या घरी कॉकॅटिल आला तेव्हा माझी सहावीतली मुलगी त्याच्याजवळ बसून गृहपाठ करायची आणि मी पेपर तपासायचे. आम्ही त्याच्याकडे पाहतही नव्हतो. त्याचे गाल केशरी, म्हणून मुलीने नाव ठेवले केसर. पाचव्या-सहाव्या दिवशी आम्ही शेजारी असताना केसर दाणे खाऊ लागला. भित्रा पक्षी धोका असताना खात नाही. तो तुमच्यासमोर खातो, याचा अर्थ तुम्ही पहिल्या परीक्षेत पास झालात.

दुसऱ्या टप्प्यात हात. हात वरून आणायचा नाही, कारण पक्ष्याच्या डोक्यावर वरून येतो तो शिक्रा. हात खालून, हळू, छातीच्या पातळीवर आणायचा. बाजरीच्या कणसाचा तुकडा बोटांत धरून पिंजऱ्याच्या दाराशी थांबायचे. तो आला तर खाऊ द्यायचे. नाही आला तर हात मागे घ्यायचा आणि संध्याकाळी पुन्हा पाहायचे. एका वेळी पाच ते दहा मिनिटे, दिवसातून दोनदा, एवढे पुरे. कंटाळा यायच्या आत धडा संपला पाहिजे. वर्गात हे आम्हाला जमत नाही, कारण घंटा आमच्या हातात नसते. पक्ष्याच्या बाबतीत ती आपल्याच हातात असते.

तो हातातून निर्धास्त खाऊ लागला की बोट त्याच्या पोटाच्या खालच्या भागाला, पायांच्या जरा वर हलकेच टेकवायचे आणि एकच शब्द म्हणायचा. तो आपसूक बोटावर पाय ठेवतो. ठेवला की लगेच खाऊ आणि शाबासकी. शब्द कोणताही चालेल, पण घरातल्या सर्वांचा तोच हवा. आमच्या गावात तांड्यावर गोरबोली, शाळेत मराठी आणि आमच्या घरांत उर्दू चालते. पोरगा 'आजा' म्हणतो, आजी 'ये बेटा' म्हणते आणि शेजारची काकू 'मिठू मिठू' करते, तर पक्ष्याने कुणाचे ऐकावे? आमच्याकडे 'आजा' ठरले आणि तिसऱ्या आठवड्यात केसर मुलीच्या बोटावर चढला. तोवर एकही शब्द तो बोलला नव्हता आणि तिला त्याची गरजही वाटली नव्हती.

चावला तर? चावणे ही पक्ष्याची भाषा आहे. त्याआधी त्याने सांगितलेले असते. पिसे अंगाला घट्ट चिकटतात, कॉकॅटिलचा तुरा मागे सपाट होतो, तो मान मागे घेतो. आपण ते वाचले नाही, म्हणून त्याला चोच वापरावी लागली. ओरडू नये, हात झटकू नये, चोचीवर टिचकी तर मुळीच मारू नये. शांतपणे हात खाली न्यावा आणि थोडा वेळ त्याला एकटे सोडावे. ओरडण्याने दोनच गोष्टी होतात. एकतर तो कायमचा घाबरतो, नाहीतर त्याला गंमत वाटते आणि तुमचा आरडाओरडा ऐकायला तो पुन्हा चावतो.

बाकीची काळजी थोडक्यात. नुसत्या दाण्यांवर ठेवू नये. राळा, बाजरीबरोबर मेथी, कोथिंबीर, पालक, गाजर द्यावे. हिरवी मिरची खुशाल द्यावी, पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवत नाही. चहा, बिस्कीट, खारे, चॉकलेट आणि अॅव्होकॅडो बंद. पाणी रोज बदलावे. रात्री दहा-बारा तास शांत अंधार हवा. बाहेर सोडताना खिडक्या आणि छताचा पंखा दोन्ही बंद हवेत. आपल्या घरांत पंख्याने जितके पक्षी जातात तितके मांजरानेही जात नसतील. उन्हाळ्यात पिंजरा टिनाच्या छपराखाली नको आणि कूलरच्या थेट झोतातही नको. यात्रेच्या दिवसांत नगारे, भोंगे, दिवाळीत फटाके. तेव्हा पिंजरा आतल्या खोलीत नेऊन तीन बाजूंनी चादर टाकावी, नाहीतर कॉकॅटिल रात्री दचकून पिंजऱ्यात आदळत राहतो. पक्षी आजार लपवतो. दिवसभर पिसे फुगवून तळाशी बसलेला पक्षी 'सुस्त' नसतो, गंभीर आजारी असतो. त्याला तसाच दवाखान्यात न्यावे. आणि हिशेब एवढा पक्का ठेवावा की बजरीगर पाच ते दहा वर्षे जगतो आणि कॉकॅटिल पंधरा-वीस. सहावीतल्या मुलीने आज आणलेला पक्षी तिच्या बीएडनंतरही घरात असेल.

आता बोलण्याकडे वळू. पोपट बोलतो कारण तो थव्याचा पक्षी आहे. थव्यात राहायचे तर थव्याचा आवाज काढावा लागतो. घरात आल्यावर त्याचा थवा म्हणजे आपण. म्हणून आपण शिकवतो ते तो शिकेलच असे नाही, पण आपण रोज जे बोलतो ते तो उचलतो. केसरला मुलीने महिनाभर 'सलाम' शिकवला. तो शिकला कुकरची शिट्टी, आणि आता डाळ शिजायच्या आत शिट्ट्या मोजताना माझी फसगत होते. कॅलिफोर्नियातल्या 'पक' नावाच्या बजरीगरला 1,728 शब्द येत होते, अशी गिनीज बुकात नोंद आहे, पण तो अपवाद. बहुतेक घरांतले पक्षी चार-दोन शब्दांवर थांबतात, आणि त्यात त्यांचा किंवा आपला कमीपणा नाही.

आफ्रिकन ग्रे जातीच्या 'अॅलेक्स'वर आयरीन पेपरबर्ग या अमेरिकी संशोधिकेने 1977 पासून 2007 मध्ये तो मरेपर्यंत, तीस वर्षे काम केले. त्याला शंभराच्या आसपास वस्तूंची, रंगांची, आकारांची नावे कळत होती आणि तो सहापर्यंत मोजायचा. शिकवण्याची रीत अशी की दोन माणसे पक्ष्यासमोर एकमेकांना विचारायची आणि उत्तरे द्यायची. बरोबर उत्तराला ती वस्तू मिळायची. पक्षी पाहत पाहत शिकला. त्याच्या कानाशी शंभर वेळा एकच शब्द घोकण्यापेक्षा घरात दोन माणसे एकमेकांशी काय आणि कसे बोलतात, यातून तो जास्त शिकतो.

याचा पुरावा आपल्या विदर्भातच आहे. 2015 च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याची बातमी देशभर गाजली. 85 वर्षांच्या एका आजींनी तक्रार केली की सावत्र मुलाचा 'हरियाल' नावाचा पोपट त्या दिसल्या की शिव्या देतो आणि त्या त्याला मुद्दाम शिकवलेल्या आहेत. पोलिसांनी पोपटालाच ठाण्यात बोलावले. तिथे तो एक शब्द बोलला नाही. शेवटी त्याला वन विभागाच्या हवाली केले गेले. लोक पोट धरून हसले. मला मात्र त्यात हसण्यासारखे थोडेच दिसते. भांडण माणसांचे, जमीनजुमल्याचे असो की मनाचे, आणि ठाण्यात उभा कोण, तर पक्षी. पोपट शिव्या देत नसतो. घर देते, तो आवाज काढतो.

माझ्या या मतावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही खरे आहेत. पहिला असा, की पिंजरा तो पिंजरा, राघूचा काय आणि कॉकॅटिलचा काय. मान्य. पण ऑस्ट्रेलियाचा, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला कॉकॅटिल वाशीमच्या उन्हात सोडला तर दोन दिवसही टिकणार नाही. त्याला स्वातंत्र्य देता येत नाही, म्हणून मोठा पिंजरा, रोज खोलीत मोकळे उडणे आणि सोबत देणे हे आपले देणे लागते. ज्याला तेवढा वेळ नाही त्याने पक्षी आणू नये. अंगणात मातीच्या परळात पाणी ठेवावे आणि निंबावर येणारे राघू पाहावेत. तेही पक्षिप्रेमच आहे आणि पिंजऱ्याच्या पैशांची बचत.

दुसरा आक्षेप असा, की घरी राघू आधीच आहे, आता काय? त्याला एकदम उडवून देऊ नये. हातावर वाढलेल्या राघूला शिक्रा ओळखता येत नाही, खाणे शोधता येत नाही. जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जावे किंवा वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर विचारावे. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन विभागाचे उपचार केंद्र आहे, तिथे अशा पक्ष्यांची सोय होते.

उर्दू शिकलेल्या कोणत्याही घरात अल्लामा इक्बाल यांची 'परिंदे की फ़रियाद' ओळखीची असते. पिंजऱ्यातला पक्षी आपले जुने दिवस आठवून सुटका मागतो, अशी ती मुलांसाठीची कविता. मी ऐकते, मुले ती एका दमात म्हणतात, कुठेही न अडखळता. त्यातल्या काही मुलांच्या ओसरीवर राघूचा पिंजरा टांगलेला असतो. कविता पाठ आहे, पण पिंजऱ्याकडे कुणाचे लक्ष नाही. पोपटपंची म्हणतात ती हीच. ती पक्ष्याने केली तर कौतुक आहे. मुलाने केली तर जबाबदारी आपल्या शिक्षकांची आणि घरच्यांची.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. या चैत्रात मुलाने पोपट मागितला तर त्याला आधी ढोलीखाली घेऊन जा. लांबून, आवाज न करता, राघूची मादी पिल्लांना भरवायला किती खेपा घालते ते त्याला मोजू द्या. मग विचारा, यातले कोणते पिल्लू आणू? बहुतेक मुले नको म्हणतात, हा माझा अनुभव आहे. त्यानंतरही पक्षी हवाच असेल तर पिंजऱ्यात जन्मलेला आणा, आणि पहिले तीन आठवडे त्याला एकही शब्द शिकवू नका. मुलाला मात्र त्या तीन आठवड्यांत हात हळू नेणे, आवाज खाली ठेवणे, नकार मिळाला तर मागे सरणे आणि उद्या पुन्हा येणे शिकवता येईल. पुढे पोपट बोलला तर बोलला.